चुंबक

फ्रिजवरचा मासा काढला —
निळा, रबरी, पोटात चुंबक असलेला —
कोटाच्या खिशात टाकला आणि निघाले
रेइनो साल्मेलाच्या कोठाराकडे.

बहीण फोनवर म्हणाली होती:
नवी घे. हप्त्यावर घे. जपानी घे.
तीस वर्षांची स्वीडिश गाडी, आणि तीही रोजच्या कामाला?
हौसेला मोल नसतं, मान्य,
पण टोइंगला असतं.

तिचं बरोबरच होतं.
मी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा धुते,
दिवसाला एकशे दहा मैल, सरोवराच्या कडेकडेनं.
नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ,
चिमूट नव्हे, ट्रकच्या ट्रक.
ज्या मिठात मासा वर्षभर टिकतो
त्यात पत्रा पाच वर्षं टिकत नाही.

कोठारात दोन होत्या.
दोन्ही चौकोनी, लहान पोरानं पट्टी धरून काढल्यासारख्या.
लाल चादरीखाली. अकरा हिवाळे तिनं बर्फ पाहिला नव्हता.
दुसरी पिवळट, जुन्या दातांच्या रंगाची:
तीन लाख बारा हजार मैल,
पुढचे मोजलेच नाहीत,
मोजणारं चाकच मोडलं.

लालला मासा सगळीकडे चिकटला,
दारांना, पायरीच्या पत्र्याला, चाकांवरच्या कमानींना.
रेइनो बघत होता. माझ्याकडे नाही, माशाकडे.
"हिला पावसातसुद्धा काढू नकोस," म्हणाला.
मग काढायची केव्हा?
त्यानं उत्तर दिलं नाही.

पिवळीच्या मागच्या डाव्या चाकावर
मासा टपकन खाली पडला.
पुन्हा लावला.
पुन्हा पडला.

"तिथं लांबी भरलीय," तो म्हणाला.
"मार्च होता. हेल्मीला इस्पितळात न्यायचं असे,
रोज, बावीस दिवस.
पत्रा कापून बसवायला सवड कुणाला?
गाडी एकदाही अडली नाही."
मग वाकून त्यानं चादरीची एक सुरकुती सरळ केली,
लाल गाडीवरची.

ड्वेन बोशां पाठीवर पडून पिवळीखाली सरकला.
तिथूनच सांगत राहिला, एकेक, टॉर्च फिरवत:
वायरींचं आवरण बिस्किटासारखं चुरतंय,
ब्रेकची एक नळी उद्याच बदल,
हिटरचा पंखा बिघडला तर देवच वाली,
अर्धा डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय तो दिसतही नाही.
"पण इंजिन तुला पुरून उरेल.
पत्रा नाही उरायचा.
चार हिवाळे. तळ धूत राहिलीस तर पाच."

लालची किंमत तिप्पट होती, हे आधीच सांगून टाकते.
उगाच मोठेपणा नको.
तरी पैसे असते तरी
तिला मी कुठं नेलं असतं?
दर सकाळी आधी आभाळ विचारायचं,
मग रस्ता, मग तिची मर्जी.

जानेवारीत एका पहाटे शून्याखाली अठ्ठावीस.
इंजिन गरम ठेवणारी वायर रात्रभर
स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर लोंबत होती.
पहिल्या किल्लीला खोकली.
दुसरीला गप्प.
तिसरीला सुरू झाली, कुरकुरत,
जशी मी उठते.

व्हर्ना आउटिनेननं पडदा सारून पाहिलं,
दार उघडेपर्यंत तिचे डोळे भरले होते.
"आवाज ऐकला," म्हणाली, "वाटलं हेल्मी आली."
मी बॅग ठेवली, हात ऊन केले, पट्टी सोडली.
जखम कडांनी भरत आली होती,
मध्ये अजून ओली.

मासा परत फ्रिजवर आहे.
त्याच्याखाली गोटेनबर्गहून यायच्या नळीची पावती,
सहा आठवडे, म्हणे.
बहीण विचारते, मग? कशी आहे?
मी सांगते, चालते.

रात्री घरी आले की
हातमोजा काढून मी मागच्या डाव्या चाकावर बोट फिरवते.
मिठाची पांढरी साय बोटाला येते.
खाली लांबी
अजून धरून आहे.